वीज, इंटरनेट आणि लाच: हे संशोधन कोकणात कितपत लागू पडतं?

कातळसडा

मे महिन्यात पहिला गडगडाट झाला की कोकणात घरोघरी एकच हाक ऐकू येते, 'मोडेमची पिन काढ रे!' कोपनहेगनच्या चार अर्थतज्ज्ञांनी (आंदर्सन, बेंट्सेन, दालगार्ड आणि सेलाया) नेमक्या याच गोष्टीवर एक युक्तिवाद उभा केला आहे.

प्रश्न जुनाच आहे. इंटरनेट आलं की भ्रष्टाचार कमी होतो का? नुसते आकडे शेजारी शेजारी मांडले तर होतो असं दिसतं. पण जिथे कारभार बरा असतो तिथे इंटरनेटही लवकर पोचतं. मग कुणामुळे काय झालं? हे सोडवायला बाहेरचं असं कारण लागतं, की ज्यामुळे इंटरनेट कमीजास्त पसरेल, पण ज्याचा लाचखोरीशी थेट संबंध नसेल. त्यांनी आकाशातली वीज निवडली. जिथे विजा जास्त कडाडतात तिथे लाइनवर दाबाचे झटके जास्त बसतात, चिपवर चालणारी उपकरणं जास्त जळतात आणि संगणक-इंटरनेटचा प्रसार मंदावतो. आणि वीज काही पाकीट घेऊन पडत नाही.

२०११ च्या निबंधात त्यांनी अमेरिकेतल्या राज्यांमध्ये भ्रष्टाचारासाठी शिक्षा झालेल्या सरकारी लोकांची संख्या घेतली, शिवाय जगभरच्या देशांची तुलना केली. इंटरनेट जिथे वेगाने पसरलं तिथे भ्रष्टाचार घटला, हा निष्कर्ष दोन्हीकडे निघाला. २०१२ च्या निबंधात हेच आर्थिक वाढीला लावून पाहिलं. फ्लोरिडासारखं विजांचं राज्य आणि पॅसिफिक किनाऱ्यावरची जवळजवळ बिनविजांची राज्यं यांच्या उत्पादकतेच्या वाढीत फरक दिसतो, पण तो साधारण १९९० नंतरच. त्याआधी विजांचा वाढीशी काही संबंध दिसत नाही. मला हा भाग सगळ्यात आवडतो. विजा पूर्वीही तेवढ्याच पडत होत्या, फक्त जळण्यासारखं घरात काही नव्हतं.

आता या चर्चेच्या धाग्याचा विषय. आपल्याकडे सातबारा ऑनलाइन झाला, रेशनला अंगठा आला, रोजगार हमीला फोटो आला, समुद्रावर ड्रोन आले. यातल्या कशाने खरंच चिरीमिरी कमी होते, कशाने ती नुसती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, आणि का? माझं मत आधीच सांगतो. यंत्राने अडवण्याचा अधिकार काढून घेतला तर फरक पडतो. यंत्राने नुसती नोंद ठेवली तर फारसा पडत नाही. ज्यांना त्या त्या कामातलं बारकाईने माहीत आहे त्यांनी लिहावं. 'सगळे चोर आहेत' छाप प्रतिसाद नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

खाडीकाठ

वाचनखूण साठवली. एक शंका. विजा जिथे जास्त तिथे पाऊस जास्त, उकाडा जास्त, शेती वेगळी. मग वाढ विजेमुळे मंदावली की हवामानामुळे, हे कसं ठरवलं?

अपूर्णांक

@खाडीकाठ, शंका बरोबर आहे आणि या पद्धतीचा खरा कमकुवत सांधा तोच आहे. तापमान, पाऊस, अक्षांश हे घटक हिशोबात धरूनही परिणाम टिकतो असं त्यांनी दाखवलं आहे. १९९० च्या आधी संबंध न दिसणं हा त्याहून भक्कम पुरावा, कारण हवामान तर तेव्हाही तेच होतं. तरी देशादेशांच्या तुलनेवर माझा भरवसा कमी. तिथे विजांचा नकाशा म्हणजे बऱ्याच अंशी विषुववृत्ताचा नकाशा होतो, आणि विषुववृत्ताजवळच्या देशांच्या कारभाराला वसाहतीच्या इतिहासासकट दहा कारणं असतात.

कोकणाबाबत एक गोष्ट उलटी आहे. इथे पाऊस आणि वीज यांचा हंगाम एक नाही. जुलैत धो धो कोसळतं तेव्हा गडगडाट फारसा नसतो, कारण मोसमी ढग इथे तुलनेने बुटके असतात. विजा येतात त्या वळवाच्या, म्हणजे एप्रिलअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि मग परतीच्या पावसात, ऑक्टोबरात. त्यामुळे 'पाऊस' आणि 'वीज' यांचे परिणाम वेगळे काढायला कोकण खरं तर कोपनहेगनकरांपेक्षा सोयीची जागा आहे.

पण एक गोम आहे. इथे इंटरनेट बंद पाडण्यात विजेपेक्षा वाऱ्याचा आणि झाडांचा हात मोठा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते, जुलैत चिपळूणचा पूर. हे तडाखे एकदम सगळ्यांना बसतात, त्यामुळे गावागावांत तुलना करायला काही उरत नाही.

जोत्याचा_दगड

उपकरणं का जळतात, यावर नेमकं लिहितो. 'वीज घरावर पडली' असं क्वचितच असतं. ती दोनपाच किलोमीटरवर लाइनवर किंवा लाइनजवळ पडते आणि झटका तारेवरून घरात येतो.

पहिला गैरसमज एमसीबीचा (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारं पेटीतलं बटण). एमसीबी पडायला काही मिलिसेकंद लागतात, झटका मायक्रोसेकंदात येऊन गेलेला असतो. म्हणजे एमसीबी पडते तेव्हा मोडेम आधीच गेलेला असतो. झटका अडवायला सर्ज प्रोटेक्टर (एसपीडी) लागतो. मुख्य पेटीत टाइप २ चा बसवावा, आणि त्याच्या तारा अगदी आखूड ठेवाव्यात, एकूण अर्ध्या मीटरच्या आत. बरेच वायरमन पेटी नीटनेटकी दिसावी म्हणून तार वळवून वळवून नेतात, आणि तिथेच त्या एसपीडीचं निम्मं काम वाया जातं. एसपीडीच्या छोट्या खिडकीत हिरवी पट्टी असते. ती लाल झाली म्हणजे आतला भाग संपला, बदलायचा. दर जूनमध्ये एकदा तरी बघावी.

दुसरा प्रश्न अर्थिंगचा, आणि तो खास कोकणी आहे. एसपीडी झटका जमिनीत सोडतो, पण जमीन घ्यायला तयार हवी ना! जांभा दगडाचा विद्युत रोध मुळात जास्त, आणि मे महिन्यात सडा (कातळाचं पठार) कोरडाठाक. अर्थिंग ऑगस्टमध्ये मोजलं तर आकडा छान येतो, पण विजा मेमध्ये असतात. अर्थ टेस्टर लावायचा तो एप्रिल-मेमध्ये. ५ ओहमच्या खाली आलं तर उत्तम. सड्यावर एका नळीने ते होत नाही. नळी हातोड्याने ठोकून जांभ्यात जात नाही, वाकते. ३ मीटरचं बोअर मारून दोन-तीन इलेक्ट्रोड घालावेत, दोघांत निदान एका इलेक्ट्रोडच्या लांबीइतकं अंतर ठेवावं आणि पट्टीने जोडावेत. भोवती मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती). इथल्या पावसात मीठ दोनचार वर्षांत वाहून जातं आणि जाताना जीआयची नळी खाऊन जातं.

तिसरं, 'फायबर आलं, आता भीती नाही.' काचेच्या धाग्यातून झटका येत नाही हे खरं. पण खांबावरून ताणलेल्या केबलीला आधाराची लोखंडी तार असते, ती घराच्या भिंतीपर्यंत आणून हुकाला बांधलेली असते. शिवाय फायबरच्या मोडेमला अडॅप्टर असतोच, आणि तो लाइनवरच. तार घराबाहेरच तोडून घ्यावी. गडगडाट ऐकू आल्यावर नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटणातली फट मिलिमीटरांची, झटका ती ओलांडतो. पिनच काढायची. हाक मारणाऱ्या आजी बरोबर असतात. सूचना आधी हवी असेल तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे.

धाग्याच्या विषयाशी याचा संबंध असा: सेवा केंद्रातला संगणक जळला की पुढचे पंधरा दिवस 'सर्व्हर डाऊन' हेच उत्तर. आणि काम अडलं की माणूस तालुक्याला जाऊन 'ओळखीचा' शोधतो. कोपनहेगनकरांचा निष्कर्ष खांबाच्या पातळीवर बघायचा तर हा असा.

तिरफळ

ह्या सगळा खरा, पण वायरमन येतलो कधी ता सांगा.

सोळा_आणे

जमिनीच्या कागदांवर लिहितो. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकच समजतात: उतारा काढणं आणि उताऱ्यावरचं नाव बदलणं.

पहिल्यात तंत्रज्ञान सरळ जिंकलं आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर मिळतो, त्यासाठी तलाठ्याच्या सजाचे हेलपाटे नाहीत. कर्नाटकातही 'भूमी' प्रकल्पात उतारा १५ रुपयांतच मिळू लागला. धागाकर्त्याच्या भाषेत सांगायचं तर उतारा देण्यात अडवायला कुणी उरलाच नाही.

दुसऱ्यात तसं नाही. नोंदणीकृत खरेदीखत असेल तर माहिती दुय्यम निबंधकाकडून पुढे सरकते. गाव नमुना ६ मध्ये नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. वारस नोंदीला मात्र खत नसतं. महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं, आणि त्यानंतर सगळं कागदांवर.

कोकणातला सातबारा डोळ्यांसमोर आणा. क्षेत्र १३ गुंठे, त्यावर चाळीस नावं, हिस्से आणे-पैमध्ये. एका माणसाचा हिस्सा ५ पै. रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा, म्हणजे ५/१९२. तेरा गुंठ्यांत त्याचे सुमारे ३४ चौरस मीटर. त्या चाळीस जणांतले निम्मे चाकरमानी. पत्ते पन्नास वर्षांपूर्वीच्या गिरणगावातल्या चाळींचे, आणि त्या जागी आता टॉवर. नोटीस कुणाला बजावायची? इथला उशीर हा नेहमीच पैशासाठी केलेला नसतो. पण खरा उशीर असतो म्हणूनच खोटा उशीर त्याच्याआड लपतो, आणि संगणकाला या दोन्हींतला फरक कळत नाही. त्याला दोन्हीकडे 'प्रलंबित' एवढंच दिसतं.

याच विषयावर बांगलादेशात मार्टिन मॅट्सन यांनी केलेला प्रयोग आहे. जमीन कार्यालयांतल्या नाव-बदलाच्या अर्जांचा संगणकीय तपशील घेऊन, कोण किती वेळेत निकाल देतो याचं गुणपत्रक अधिकाऱ्याला आणि त्याच्या वरिष्ठाला पाठवायचं. वेळेत निघालेले अर्ज ११ टक्क्यांनी वाढले. लाच मात्र घटली नाही, उलट आधीपासून चांगलं काम करणाऱ्यांकडे वाढली! वेगाने काम करून देणाऱ्याला लोक जास्त द्यायला तयार होतात, असा त्याचा सरळ अर्थ. 'उशीर कमी झाला म्हणजे लाच कमी झाली' हे समीकरण त्यामुळे सोडून द्यावं.

उपयोग होतो तो रांग पक्की करण्याचा. 'भूमी'त नाव-बदलाचे अर्ज आल्या क्रमानेच घ्यायचे असं ठेवलं होतं. मागचा पुढे काढता येत नसेल तर पुढे काढण्याचे पैसे कशाचे मागणार?

व्यवहारातलं सांगायचं तर: अर्जाची पोच क्रमांकासह घ्यावी. सेवा अधिसूचित असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली कालमर्यादा लिहून मिळायला हवी. ती उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील त्यासाठी नेमलेल्या वरिष्ठाकडे, मग दुसरं, तिसरं थेट आयोगाकडे. दंड ५०० ते ५,००० रुपये आहे, म्हणजे फार नाही, पण तो पगारातून जातो आणि ते झोंबतं. संगणकीकरणात नावाची वेलांटी चुकली असेल (सिताराम-सीताराम) तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती. सोबत जुन्या हस्तलिखित सातबाराची आणि त्या फेरफाराची नक्कल जोडायचीच, नाहीतर अर्ज परत येतो.

खाडीकाठ

५/१९२ वाचून आजोबांच्या पिढीला दंडवत. हा हिशोब ते तोंडी करायचे.

रापण

मासळीवर. या विषयात सगळ्यात जास्त उद्धृत होणारं काम आपल्या शेजारच्याच किनाऱ्यावरचं आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ चा निबंध. केरळात कोळिकोड, कण्णूर, कासरगोड या पट्ट्यात १९९७, १९९८ आणि २००० अशा टप्प्यांनी मोबाइल आला. मनोरे किनाऱ्यालगत असल्याने २०-२५ किलोमीटर समुद्रातही रेंज मिळायची. आधीची अवस्था अशी, की १४ जानेवारी १९९७ ला वडकरा किनाऱ्यावर ११ होडीवाले गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकायच्या तयारीत होते आणि १५ किलोमीटरच्या आत २७ खरेदीदार मासळी नाही म्हणून रिकामे निघाले होते. फोन आल्यावर किनाऱ्या-किनाऱ्यांतला भावाचा फरक जवळजवळ मावळला. ५ ते ८ टक्के मासळी वाया जायची, ती थांबली. मच्छीमारांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला भाव ४ टक्क्यांनी उतरला. यात सरकारी योजना नाही, अनुदान नाही.

हे हर्णैला किंवा मिरकरवाड्याला, म्हणजे आपल्या मासळी बंदरांना, जसंच्या तसं लावता येत नाही. होडीवाल्याला बंदर निवडायची मोकळीक असेल तरच भावाची माहिती उपयोगाची. डिझेल, बर्फ, जाळी यांसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असेल तर मासळी त्याच्याच ताब्यात द्यायची, पलीकडच्या बंदरात भाव दीडपट का असेना. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी पुढे केरळात जाऊन हेच तपासलं, आणि नात्यागोत्याचे, उचलीचे, बंदराचे बंध जेन्सन यांच्या चित्रापेक्षा बरेच घट्ट आहेत असं दाखवलं. माझ्या मते दोन्ही खरं आहे. फोनने भावाची माहिती दडवण्यातला व्यापाऱ्याचा फायदा गेला, उचलीतला फायदा तसाच राहिला.

आता ड्रोन. २०२५ च्या सुरुवातीपासून राज्याच्या किनाऱ्यावर ड्रोनची गस्त आहे. एलईडी दिव्यांवरची मासेमारी, १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बाहेर पडणाऱ्या नौका, १२ सागरी मैलांच्या आत घुसणारे परराज्यांतले ट्रॉलर हे सगळं दिसतं. दिसल्यावर काय? चित्रात नौकेचा नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे (रात्री, हलत्या पाण्यावर, ताडपत्री टाकलेली असताना), वेळ आणि ठिकाण चित्रातच उमटलेलं पाहिजे, आणि त्यावर प्रकरण दाखल होऊन निकाल लागला पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीने हा निवाडा तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आला. अडवण्याचा किंवा सोडण्याचा अधिकार आता त्या टेबलावर आहे, ड्रोनवर नाही. किती नौका दिसल्या, किती प्रकरणं झाली, किती दंड वसूल झाला, हे तीन आकडे दर महिन्याला बंदराच्या फळ्यावर लागले तर ड्रोनचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

कातळसडा

@रापण, फळ्यावरचे तीन आकडे ही सूचना फार पटली. याला जोडून राजस्थानातल्या उदयपूरची दोन उदाहरणं, दोन्ही अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांची. एकशिक्षकी शाळांत शिक्षकाने रोज मुलांबरोबर फोटो काढायचा, कॅमेऱ्यावर तारीख-वेळ बदलता न येणारी. पगार महिन्याला १,००० रुपये, ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त भरल्यास दिवसाला ५० जादा, कमी भरल्यास ५० कापायचे. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. मग जवळपास तेच तंत्र सरकारी उपकेंद्रांतल्या परिचारिकांना लावलं, वेळ छापणारं यंत्र देऊन. सुरुवातीला छान परिणाम दिसला, सोळा महिन्यांनी शून्य. यंत्र बिघडलं नव्हतं. आरोग्य खात्याने 'सूट दिलेले दिवस' वाढवत नेले, इतकंच. पहिल्या ठिकाणी फोटो थेट पगाराला जोडला होता, दुसऱ्या ठिकाणी मध्ये एक सही होती.

आमसूल

रेशनच्या अंगठ्याबद्दल. यात कोकणाची एक अडचण आहे जी शहरात बसून योजना आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: काजू.

काजू बी फोडताना टरफलातलं तेल बोटांना लागतं. ते जहाल असतं, कातडी भाजते, साल निघते. फोडणाऱ्या बाया राख किंवा तेल लावून बसतात, हातमोजे मिळाले तर वापरतात, पण मोज्यांत बी नीट धरता येत नाही म्हणून काढून ठेवतात. सगळ्यात मार बसतो तो बी धरणाऱ्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला, आणि नेमका तोच अंगठा ई-पॉस यंत्रावर ठेवायचा असतो. रेघाच नाहीत तर यंत्र जुळवणार काय? हीच गत चिरेखाणीवरच्या गड्यांची आणि रोज सुऱ्याने मासळी साफ करणाऱ्यांची.

करण्यासारखं बरंच असतं. डाव्या हाताची करंगळी किंवा अनामिका वापरून बघावी, तिची झीज कमी असते. बोट कोरडं पडलं असेल तर किंचित ओलसर करावं, तेलकट असेल तर धुऊन पुसावं. काच पुसावी (दुकानात हे कुणीच करत नाही). तरी जुळलं नाही तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. मोबाइल मुंबईतल्या मुलाच्या नावावर असेल तर ओटीपी परळला वाजतो, म्हणून नंबर आधी बदलून घ्यावा. हंगाम संपून कातडी भरल्यावर, साधारण पावसाळ्यात, आधार केंद्रावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं नव्याने नोंदवून घ्यावीत.

संशोधनाचं सांगायचं तर मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या अर्थतज्ज्ञांची दोन कामं शेजारी ठेवून वाचावीत. आंध्रात रोजगार हमीची मजुरी स्मार्टकार्डावर दिली तेव्हा गळती ४१ टक्क्यांनी घटली, मजुरांची त्या कामातली कमाई २४ टक्क्यांनी वाढली आणि पैसे हातात पडायला लागणारा वेळ कमी झाला. झारखंडात रेशनला आधार सक्तीचं केलं तेव्हा आधी गळतीत सरासरी काही घट नाही, आणि ज्यांचं कार्ड आधारला जोडलेलं नव्हतं त्यांचं धान्य सुमारे १० टक्क्यांनी घटलं. यंत्र दोन्हीकडे बोटं ओळखणारंच होतं. आंध्रात कार्ड नसलेल्याला जुन्या रीतीने पैसे मिळत राहिले, झारखंडात तो दरवाजा बंद झाला. शिवाय आंध्रात उद्देश होता पैसे देणं सुधारण्याचा, झारखंडात बोगस नावं पकडण्याचा. ज्याच्या नावाची खात्री पटत नाही त्याचं काय करायचं, हे यंत्र आणण्याआधी ठरवावं लागतं.

धागाकर्त्याच्या सिद्धांतात त्यामुळे एक दुरुस्ती. यंत्र स्वतःही अडवणारा होऊ शकतं. आणि माणसाला निदान विनवण्या तरी करता येतात.

कातळसडा

@आमसूल, दुरुस्ती मान्य. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

खडीकरण

रस्त्यांचं कुणीच काढलं नाही म्हणून मी लिहितो. अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन, इंडोनेशिया, २००७ चा निबंध, जावामधली ६०० हून जास्त गावं. पद्धत बघा. रस्ता झाल्यावर अभियंत्यांनी ठिकठिकाणी खणून वाळू, खडी, दगड प्रत्यक्षात किती पडलेत ते मोजलं. आसपासच्या पुरवठादारांकडून खरे भाव काढले. आणि बांधकामात थोडा माल आपोआप वाया जातोच, तो किती हे कळावं म्हणून स्वतः छोटे नमुना-रस्ते बांधून पाहिले. मग कागदावरचा खर्च वजा प्रत्यक्षातला खर्च. 'तपासणी होऊ शकते' याऐवजी 'तपासणी होणारच' असं आधी सांगितलेल्या गावांत गायब रक्कम साधारण ८ टक्के-गुणांनी घटली. ग्रामसभांना जास्त लोक बोलावून फार फरक पडला नाही. गमतीचा भाग हा, की तपासणी होणार म्हटल्यावर कामावर नातेवाईक लावण्याचं प्रमाण वाढलं. पैसा एका वाटेने अडला की दुसरीने गेला.

रोजगार हमीच्या हजेरीच्या ॲपचं तेच झालं. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, ठिकाणासह. लगेच फोटोचा फोटो काढून चढवणं सुरू झालं. फोटो चढला की नाही हे सर्व्हर बघायचा. फोटोत काय आहे हे कुणी बघत नव्हतं.

कोकणात रस्त्याचं मोजमाप करताना दोन गोष्टी. एक, खडीचा थर पावसाळ्याआधीच बघावा. एका पावसानंतर 'वाहून गेलं' हे उत्तर तयार असतं आणि ते खोटं ठरवणं कठीण. दोन, बाजूचं गटार आणि मोऱ्या आधी बघाव्यात. इथे रस्ता बहुतेक वेळा खालून पाणी मुरून जातो, डांबर कितीही जाड घाला. अंदाजपत्रकात गटार असतं, जागेवर नुसता ओहोळ असतो, आणि सगळे डांबराची जाडी मोजत बसतात.

माहिती अधिकारात नुसत्या नकला मागायच्या नसतात. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही आहे. हे फार कमी लोक वापरतात.

अपूर्णांक

आणि हे सगळं वाढीत कुठे दिसतं, हा धाग्यातला उरलेला प्रश्न. नॅथॅनिअल लेफ यांनी १९६४ मध्ये मांडलं होतं की जाचक नियमांत लाच ही वंगणासारखी चालते. पावलो मौरो यांनी १९९५ मध्ये देशादेशांचे आकडे लावून दाखवलं की जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे गुंतवणूक कमी, आणि वाढही कमी. पण कोकणाला जास्त लागू पडणारं श्लायफर आणि विश्नी यांचं १९९३ चं म्हणणं आहे: लाच किती, यापेक्षा ती किती जण स्वतंत्रपणे मागतात हे महत्त्वाचं. एकाच कामाला पाच परवाने आणि पाचही टेबलं एकमेकांचा विचार न करता मागणारी असतील तर बेरीज इतकी होते की काम करणाराच मागे फिरतो. इंडोनेशियातल्या आचेमध्ये ओल्केन आणि बॅरन यांनी ३०० हून जास्त ट्रकफेऱ्यांत वाटेतल्या ६,००० हून जास्त बेकायदा वसुल्या मोजल्या. काही नाके उठल्यावर उरलेल्या नाक्यांवरचा दर वाढला.

एक खिडकी योजनेचं मोल यावर ठरतं. पाच टेबलं एका संकेतस्थळामागे नेऊन पाचही तशीच ठेवली तर खिडकी एक होते, नाके पाचच राहतात. याउलट १९९० ची रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड बघा. आंबा-काजूखालचं आजचं बरंच क्षेत्र तिच्यातून आलं, आणि तेव्हा गावात संगणक तर सोडाच, फोनही नव्हता.

खाडीकाठ

@खडीकरण, नमुना घ्यायचा म्हणजे नेमकं करायचं काय? स्वतःच कुदळ घेऊन जायचं का?

खडीकरण

नाही, स्वतः खणू नका. त्याला पुरावा म्हणून किंमत नाही, वर सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून तुमच्यावरच उलटेल.

अर्ज जन माहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. त्यात कामाचं नाव आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक घालावा, आणि 'साखळी क्रमांक अमुक ते तमुक या भागात माझ्या उपस्थितीत तीन ठिकाणी साहित्याचे प्रमाणित नमुने मिळावेत' असं लिहावं (साखळी क्रमांक म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर). ठिकाणं आपण सांगायची, त्यांच्यावर सोडली तर चांगलाच तुकडा दाखवतील. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाच्या नकलांसाठी अर्ज वेगळा, पानाला २ रुपये. हा अर्ज आधी करावा, कारण कुठला थर किती जाडीचा लिहिलाय हे हातात नसेल तर नमुना कशाशी ताडणार?

नमुन्याच्या पिशवीवर तारीख, साखळी क्रमांक, खोली आणि दोघांच्या सह्या. पिशवी तिथेच लाखेने बंद करायची. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज फेब्रुवारीत टाका, म्हणजे अपील धरूनही मे उजाडायच्या आत खणून होतं.

तिरफळ

आणि खणूक जाताना मोडेमची पिन काढून जावा.

जोत्याचा_दगड

@तिरफळ :))

@सर्व, अर्थ टेस्टरबद्दल व्यक्तिगत निरोपात विचारणा आल्या म्हणून इथेच लिहितो. तीन टोकांचा टेस्टर असतो: एक टोक अर्थिंगच्या नळीला, उरलेली दोन जमिनीत ठोकलेल्या खिळ्यांना. मधला खिळा नळीपासून शेवटच्या खिळ्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर ठोकायचा, मग तो थोडा पुढे-मागे सरकवून आकडा तोच येतोय ना ते बघायचं. बदलत असेल तर शेवटचा खिळा आणखी लांब न्यायचा. कातळावर खिळा जात नाही तिथे ओल्या गोणपाटावर लोखंडी पट्टी दाबून काम भागतं. मोजायच्या आधी अर्थिंगची तार पेटीपासून सोडवायची, आणि त्याआधी मेन स्विच बंद.